राऊंना कोण आवरणार? चिमाजी अप्पा आणि १७४० चे ते चार महिने

१/ मार्च १७४०. चिमाजी अप्पा पुतण्या नानासाहेबांना पत्र लिहितात. राऊंचे व्यग्र मन स्थिर करण्याचा होईल तितका प्रयत्न केला, पण ईश्वराची इच्छा वेगळी दिसते. पुढे काय वाढून ठेवले आहे कळत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. वर्षभरापूर्वीच वसई जिंकणारा सेनानी थोरल्या भावापुढे हतबल झाला होता.

२/ बाजीराव आणि चिमाजी ही नुसती भावांची जोडी नव्हती. मराठी राज्याचे ते दोन हात होते. नोव्हेंबर १७२८ मध्ये आमझेऱ्याला चिमाजींनी गिरधरबहादूर व दयाबहादूर यांचा पाडाव केला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. बाजीराव दूरच्या मोहिमांवर असत, तेव्हा मागचा कारभार बहुधा अप्पाच सांभाळत.

३/ मग वाद उभा राहिला तो मस्तानीवरून. तिच्या सहवासात राऊ मद्य-मांस सेवन करतात, आचार सोडतात, ही घरची तक्रार होती. यातली काही काळजी राऊंच्या प्रकृतीची होती, तर काही जातीच्या व सोवळ्याच्या प्रतिष्ठेची. या दोन गोष्टी त्या घरात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

४/ जानेवारी १७४० मध्ये साताऱ्याहून छत्रपती शाहूंचे मत गोविंद खंडेराव चिटणीसांच्या पत्राने कळले. मस्तानीला बळाने दूर करून राऊंचे मन दुखवू नये. दोष असेल तर तो त्यांना स्वतःला उमगेल तेव्हाच जाईल, असा त्याचा मथितार्थ होता.

५/ हा सल्ला मानला गेला नाही. राऊ मोहिमेवर असताना त्याच महिन्यात मस्तानीला पर्वतीच्या बागेत नजरकैदेत ठेवण्यात आले. मातोश्री राधाबाई, अप्पा आणि नानासाहेब या तिघांनाही राऊ वाचावेत असेच वाटत होते. पण राऊंचे मन त्यामुळे सावरले नाही, आणखी खचले.

६/ म्हणून मार्चमधल्या त्या पत्राचा शेवट महत्त्वाचा ठरतो. पुण्यास परतल्यावर मस्तानीला राऊंकडे पाठवून द्यावे, असे अप्पा लिहितात. बंधनाने भाऊ सावरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मात्र वेळ निघून गेली होती.

७/ २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावांचे निधन झाले. वय अवघे ३९. त्यांना विरहाने मारले, हे नाटक-कादंबऱ्यांचे म्हणणे. पत्रे एवढेच सांगतात की अखेरच्या महिन्यांत त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

८/ त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. चाकणच्या कारखान्यांपासून फार दूर नसलेल्या पाबळ गावी तिची कबर आहे. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, राऊंच्या मागे आठ महिनेही न काढता, चिमाजी अप्पांनी देह ठेवला.

९/ दोघांचे मुलगे पुढे एकाच रणांगणावर उतरले. चिमाजींचे सदाशिवरावभाऊ आणि बाजीराव-मस्तानीचे समशेरबहादूर १७६१ च्या पानिपतावर एका सैन्यात लढले. भाऊ रणात पडले. समशेरबहादूर तिथल्या जखमांनी काही दिवसांत गेले. ज्या नात्यावरून पर्वतीला पहारे बसले होते, त्या नात्याचा मुलगा पेशव्यांच्याच निशाणाखाली कामी आला.