जेऊर स्टेशन, जुना नकाशा आणि १६३० फुटांची रेषा

आजचा भाग जेऊरचा. करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर. करमाळा गावाला रेल्वे नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईची गाडी धरायची तर लोक जेऊर गाठतात.

ही लाइन जुन्या जीआयपी रेल्वेची. डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, हा टप्पा ऑक्टोबर १८५९ मध्ये सुरू झाला. जेऊर याच टप्प्यावर. आणि हा मुलूख सरहद्दीचा होता बरं का. करमाळा इंग्रजांकडे, शेजारचा परांडा निजामाकडे.

आता असा मुलूख कागदावर कसा आणायचे? आधी जमिनीवर एक सरळ रेषा अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे थिओडोलाइटनं कोन घ्यायचे. एक बाजू, दोन कोन, झाला त्रिकोण. त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. विल्यम लॅम्ब्टननं हे काम १८०२ मध्ये मद्रासकडे सुरू केलं, आणि ते करता करताच १८२३ मध्ये तो वारला, आपल्या हिंगणघाटला. अशा त्रिकोणांच्या आधारानं प्लेन टेबल घेऊन माणसं गावोगाव हिंडली आणि विहीर, देऊळ, ओढा, गाडीवाट टिपत गेली.

विसाव्या शतकात सर्व्हे ऑफ इंडियानं एक इंचाला एक मैल या मापाचे नकाशे काढले. जेऊर येतं ४७ एन मध्ये. त्यात दर ५० फुटांवर उंचीची एक रेषा. दिसायला नुसती वेडीवाकडी, पण इथं तिच्यावर गावांचं नशीब ठरलं.

१९६६ मध्ये उजनीचं काम सुरू झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर. फुटांत सांगायचं तर १६३०. म्हणजे नकाशावरच्या १६०० आणि १६५० या दोन रेषांच्या मधे कुठंतरी. तिच्या खालचं घर, शेत, देऊळ सगळं पाण्यात. वरचं वाचलं. पाणी नंतर आलं, रेषा आधी आली होती.

रेल्वेचा जुना मार्गही बुडितात गेला. रेल्वेला नवा मार्ग मिळाला, डिकसळचा जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीला राहिला. माणसांना मात्र मुळासकट उठावं लागलं.

म्हणून म्हणतो, जुना नकाशा नुसता इंग्रजांचा कागद समजू नका. तो काढला गेला महसूल, फौज आणि रेल्वेसाठी. पण आज 'आमचं गाव इथं होतं' असं पाण्याकडे बोट दाखवून सांगणाऱ्या माणसाला, बोट ठेवायला जागा तोच देतो.

अमेरिकन लष्करानं छापलेले १९५० च्या दशकातले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. फोनवर उघडा, भीमा शोधा, आणि घरातल्या आजी-आजोबांना दाखवा. ते काय सांगतात ते रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.