जिन्यावरचे वॅट

नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आला की उत्साही शिक्षक मुलांना जिन्याकडे नेतात. सामान फारसं लागत नाही: वजनकाटा, फूटपट्टी आणि स्टॉपवॉच. एका पायरीची उंची मोजायची, पायऱ्या मोजायच्या आणि पोराला वर पळवायचं. 15 सेंटिमीटरच्या 40 पायऱ्या म्हणजे 6 मीटर. 50 किलोचा मुलगा 10 सेकंदांत वर पोचला तर 50 गुणिले 9.8 गुणिले 6, म्हणजे 2940 ज्यूल कार्य आणि 294 वॅट शक्ती. एक अश्वशक्ती 746 वॅटची, तेव्हा हा मुलगा साधारण चार दशांश घोडा. वर्गात हशा पिकतो आणि पुढचा मुलगा शर्टाच्या बाह्या सरसावतो.

माणसाला चढवून त्याचं काम मोजायचा हा उद्योग शाळेतला नव्हे, बांधकामावरच्या मजुरीच्या हिशोबातला. विद्युतप्रभाराच्या धड्यात भेटणारा शार्ल ओगुस्तँ कूलोम मुळात फ्रेंच सैन्यातला इंजिनीअर. 1764 पासून आठ वर्षं तो कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून घेत होता. दिवसाला एका माणसाकडून किती माती उपसून होते, किती ओझं वाहून होतं, हे त्याला पोटापाण्यासाठी कळणं भाग होतं. त्या उकाड्यात सैनिकांकडून फ्रान्सच्या निम्मंही काम होत नाही, हेही त्यानं तिथेच पाहिलं.

त्याआधीही लोकांनी माणूस मोजला होताच. एक घोडा म्हणजे किती माणसं, यावर इंग्रज पाच म्हणत आणि फ्रेंच सात. पण ही मापं बहुतेक थोड्या वेळाची. कूलोमचा आक्षेप नेमका तिथे होता. काही मिनिटं माणूस वाटेल तेवढा जोर लावतो; मोजायचं तर दिवसभराचं काम मोजा, आणि तेही मजुराला आपल्यावर नजर आहे हे न कळू देता. आज हे वाचताना थोडं खटकतं, पण मोजणारा म्हणून त्याचं म्हणणं पक्कं होतं.

1798 मध्ये पॅरिसला मांडलेल्या निबंधात त्यानं चढणीचं उदाहरण घेतलं ते टेनेरीफ बेटावरच्या डोंगराचं. बोर्दा नावाचा नौदल अधिकारी आठ शिपायांना घेऊन तो डोंगर चढला होता. एका दिवसात, पावणेआठ तासांत, 2923 मीटर. माणूस 70 किलोचा धरला तर आजच्या हिशोबानं ही शक्ती 72 वॅटच्या आसपास येते. आपल्या शाळकरी पोराच्या पाव भागापेक्षाही कमी!

मग कूलोमनं जळाऊ लाकूड वाहणाऱ्या हमालाचा हिशोब मांडला. पाठीवर 68 किलो, चढायचं 12 मीटर, दिवसाला फार तर 66 फेऱ्या. स्वतःचं अंग आणि ओझं दोन्ही धरूनही बेरीज मोकळ्या शिपायाच्या जेमतेम निम्मी भरली. ओझं वाढवलं की फेऱ्या घटतात. ओझं उतरवलं की माणूस भरपूर चढतो, पण वर काहीच पोचत नाही. मधे कुठेतरी फायद्याचा बिंदू असणार, म्हणून त्यानं गणित करून तो काढला: सुमारे 53 किलो. मालकाच्या बाजूनं मांडलेलं हे गणित हमालाच्याही थोडं सोयीचं निघालं, हे मला गमतीचं वाटतं.

जेम्स वॉटचं प्रकरणही व्यापारातलंच. गिरण्यांत त्याचं वाफेचं इंजिन घोड्यांची जागा घेणार, तेव्हा भाडं ठरवायला घोडा हेच माप धरावं लागलं. त्यानं मिनिटाला 33,000 फूट-पौंड हा आकडा बसवला आणि घोड्यामागे वर्षाला पाच-सहा पौंड लावले. आपल्याकडे मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एच.पी.वर आकारतात, तो हिशोब याच जातीचा.

घड्याळ लावून जिना पळायची पद्धत रूढ केली ती इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारियानं, 1966 मध्ये. त्याला मजुराचा दिवस नको होता. श्वासाचा प्राणवायू कामी येण्याआधी स्नायू क्षणभरात किती शक्ती देतात, हे त्याला हवं होतं. म्हणून दोन-दोन पायऱ्या एकदम, जीव खाऊन, आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

वर्गातला प्रयोग कूलोमचा विषय घेतो आणि घड्याळ मार्गारियाचं. त्यामुळे 294 हा आकडा वहीत लिहिताना शेजारी ‘10 सेकंद’ लिहायलाच हवं. वेळ असेल तर त्याच मुलाला अर्धा तास, न थांबता, वर-खाली करायला लावा आणि फक्त चढलेली उंची मोजा. दुसऱ्या गटाच्या खांद्याला दप्तरं द्या. दप्तरासकट कोण किती वॅट देतो, यावर भांडणं होतील, पण तो वाद दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही झालाच असणार.