डॉ. आंबेडकरांचे मार्गदर्शक प्राध्यापक

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे शिक्षण अडले, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोदे सरकारची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाची काळजी वाहण्याचे बंधन त्यांच्यावर कोणी घातले नव्हते.

आज महाविद्यालयांत मार्गदर्शक प्राध्यापक रीतसर नेमले जातात. त्या काळी सारे अध्यापकाच्या मनावर असे. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. परंतु अभ्यासाला दिशा दिली ती सार्वजनिक वित्तव्यवहाराचे अधिकारी अभ्यासक एडविन सेलिग्मन यांनी. १९१६ मध्ये विद्यार्थी लंडनला निघाला, तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्याच्याविषयी पत्र लिहिले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. त्या वेळी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या सौजन्याने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळाली. ही कागदावरची लहानशी सवलत, पण तिच्यावाचून पुढची पदवी दुरापास्तच होती. मायदेशी परतल्यावर मात्र, एवढ्या विद्वानांची मर्जी संपादन केलेल्या या तरुणाला बडोदे शहरात राहायला जागा मिळाली नाही. प्राध्यापकांच्या शिफारशीचा अंमल तिथवर पोहोचत नव्हता.

१९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना कॅनन यांची. आणि तीत त्यांनी शिष्याच्या अनेक मतांशी आपला मतभेद असल्याचे स्पष्ट लिहिले, त्याच्या विचारांतील ताजेपणाची कदरही केली. मतभेद झाकून कोरडी स्तुती करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

१९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांनी लिहिली. अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे आहे, आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दलच्या कृतज्ञतेची.