अलाइनमेंट आणि कंपायलरचे ऑप्टिमायझेशन (एम्बेडेड प्रोग्रॅमिंग)

डेटाचा मेमरीतील पत्ता त्याच्या प्रकाराने ठरवलेल्या पटीत असणे म्हणजे अलाइनमेंट. ३२ बिटी प्रोसेसरवर ४ बाइटच्या पूर्णांकाचा पत्ता सहसा ४ ने भाग जाणारा असावा लागतो. त्यासाठी कंपायलर स्ट्रक्चरमध्ये रिकामी जागा सोडतो. १ बाइटच्या घटकामागे ४ बाइटचा पूर्णांक आला, की एकूण आकार ५ नव्हे, ८ बाइट भरतो.

बाहेरून येणारा डेटा ही शिस्त पाळत नाही. समजा, आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाच्या गाड्या तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा आधी १ बाइटची खूण आणि मग भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन प्रत्येकी ४ बाइटांत पाठवतो. बफर ४ च्या पटीवर सुरू झाला, तर दोन्ही वजने विषम पत्त्यांवर पडतात. पॉइंटर कास्ट करून ती थेट वाचणे सी भाषेच्या मानकात बसत नाही. त्यापुढे काय घडेल याची हमी भाषा देत नाही.

आर्डुइनो उनो आर३च्या ८ बिटी प्रोसेसरवर हाच कोड बिनबोभाट चालतो. कॉर्टेक्स-एम०वर तो लगेच हार्डफॉल्ट देतो. खरा घात कॉर्टेक्स-एम३ आणि एम४वर होतो. तिथे एकेक शब्द (४ बाइट) वाचणारी एलडीआर सूचना विषम पत्ता चालवून घेते. दोन शब्द एकदम वाचणारी एलडीआरडी आणि अनेक शब्द वाचणारी एलडीएम मात्र घेत नाहीत. ऑप्टिमायझेशन बंद असताना दोन्ही वजने वेगवेगळी वाचली जातात आणि चाचणी पार पडते. ते वाढवले, की कंपायलर शेजारचे दोन एलडीआर जोडून एक एलडीआरडी करू शकतो, आणि वजने वाचणारे उपकरण चालता चालता बंद पडते. दोष कंपायलरच्या माथी मारून ऑप्टिमायझेशन उतरवणे हा उपाय नव्हे. चूक कोडमध्ये तशीच राहते.

योग्य मार्ग म्हणजे मेमसीपीवाय या फंक्शनने बाइट अलाइन केलेल्या चलात उतरवणे. आकार आधीच ठाऊक असल्याने कंपायलर बहुधा फंक्शन न बोलावता त्या प्रोसेसरला चालणारी सूचनाच वापरतो. स्ट्रक्चर पॅक्ड (रिकामी जागा न सोडणारे) जाहीर करूनही काम भागते, पण त्यातील घटकाचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेतला की कंपायलरला दिलेली माहिती हरवते. जीसीसी ९पासून याचा इशारा आपोआप मिळतो.