कॅम्पातला जगज्जेता

बंगळुरातल्या जयनगरच्या आमच्या घरी कोणी धावपटू मिल्खा सिंगांचं नाव काढायचा अवकाश, आजोबा सरसावून बसत. "आणि जोन्स? तो आपल्या पुण्याचा!" 1958 साली वेल्समधल्या कार्डिफला मिल्खांनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. त्याच साली कलकत्त्यात विल्सन जोन्स हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मिल्खा घराघरांत पोचले, जोन्स नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

नाव वेल्श वाटावं असं. पण जन्म पुण्याचा, 2 मे 1922 चा, अँग्लो-इंडियन घरातला. आजोबांचं तरुणपणही पुण्यातच, कॅम्प भागात गेलं. बिलियर्ड्सच्या खोलीत पाऊल टाकलं की 'पोरगं वाया गेलं' म्हणून घरी बोंब व्हायची, तेव्हा ते खिडकीतूनच बघायचे. बारा फुटी टेबल, हिरवी बनात, क्यूच्या टोकाला घासलेला खडू आणि क्यूला हनुवटी टेकवून वाकलेला खेळाडू. चेंडू तीनच. आपला चेंडू उरलेल्या दोघांना भिडला की दोन गुण, लाल चेंडू पॉकेटात गेला की तीन. असे दोन-तीन जमवत शेकड्यांत जायचं. एक फटका चुकला की टेबल समोरच्याचं. आपण खुर्चीत, हात बांधून. "मारता पुष्कळांना येतं रे, खुर्चीत बसवत नाही," आजोबा म्हणत. जोन्सना ते बसणं साधलं होतं, असं त्यांचं ठाम मत.

1950 साली पहिलं राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद. पुढे अशी एकूण बारा. 1964 साली न्यूझीलंडमध्ये दुसऱ्यांदा जगज्जेतेपद आणि लगेच पुढच्या वर्षी पद्मश्री. खेळणं थांबल्यावर त्यांनी मुलांना शिकवायला घेतलं. मला त्यांच्या आयुष्याचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ओम अग्रवाल त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1984 साली स्नूकरचे जागतिक हौशी विजेते ठरले. 1996 साली जोन्सना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

5 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत ते गेले. त्याच वर्षी चीनमध्ये पंकज अडवाणी अवघ्या अठराव्या वर्षी स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. खेळ शिकले ते आमच्या बंगळुरात, अरविंद सवूर यांच्याकडे. जन्म मात्र पुण्याचा.