दोन रेल्वेंच्या मधला मुलूख

मुंबईच्या आसपास पोटापाण्यासाठी बिऱ्हाड हलवणारा माणूस आधी एक हिशेब मांडतो. स्टेशनजवळ जागा घेतली तर भाडं परवडत नाही. लांब घेतली तर भाडं उतरतं, पण रोजचे तीन-चार तास गाडीत जातात. दादर की डोंबिवली, बोरिवली की विरार, हा प्रश्न मराठी घरांत तीन-चार पिढ्या चर्चिला गेला आहे आणि त्यामागचा शहाणपणा कुणी नाकारत नाही. पण जव्हार तालुक्यातल्या जामसरहून किंवा मोखाड्यातल्या खोडाळ्याहून दिवाळीनंतर जी कुटुंबं भांडीकुंडी बांधून वसई, विरार, भिवंडी, नाशिककडे निघतात, त्यांच्याबद्दल लिहिताना हा शहाणपणा गृहीत धरला जात नाही. तिथे भूक, कुपोषण, नाइलाज हे शब्द येतात. ते खरेही आहेत. पण त्यांनी एक गोष्ट झाकली जाते. ही माणसंसुद्धा वस्ती आणि काम यांतलं अंतर मोजूनच निर्णय घेतात आणि त्यांचा हिशेब इतरांइतकाच काटेकोर असतो. फरक आहे तो त्यांच्यापुढे असलेल्या पर्यायांचा, आणि हे पर्याय दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेचे मार्ग आखले गेले तेव्हाच ठरले, असं माझं म्हणणं आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853ला सुटली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा तो मार्ग पुढे कसाऱ्यापर्यंत गेला आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचला. दुसरीकडे बॉम्बे-बडोदा कंपनीने 1864 मध्ये गुजरातची रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणू, पालघर, विरार, वसई अशी मुंबईला आणून जोडली. दोन्ही कंपन्यांना देशावरचा आणि गुजरातचा कापूस बंदरात हवा होता, म्हणून एकीने घाट निवडला आणि दुसरीने सपाटी. या दोन मार्गांच्या मध्ये सह्याद्रीच्या उतारावरचं, सुमारे दीड हजार फूट उंचीचं जव्हारचं पठार राहिलं. तिथे कापूस नव्हता, नागली, वरई आणि खाचरांपुरता भात होता. शिवाय तो ब्रिटिश मुलूखही नव्हता. महादेव कोळी मुकणे घराण्याचं सुमारे 310 चौरस मैलांचं ते संस्थान होतं, आणि त्याच्या उत्पन्नाची भिस्त मोठ्या प्रमाणात जंगलावर होती. रेल्वे त्याला वळसा घालून गेली. संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात, ठाणे जिल्ह्यात विलीन झालं, पण रुळांची आखणी बदलली नाही, ती आजही तीच आहे.

या आखणीचा परिणाम किलोमीटरमध्ये मोजायला गेलं तर हाती लागत नाही, म्हणून तो नीट पाहायला हवा. चर्चगेटपासून विरार सुमारे 60 किलोमीटर, पालघर 91 आणि डहाणू रोड 124. दुसऱ्या बाजूला मुंबईहून कसारा सुमारे 121. जव्हार सडकेने मुंबईहून साधारण 145 किलोमीटर पडतं. म्हणजे कसारा किंवा डहाणूचा माणूस आणि जव्हारचा माणूस यांच्यात मुंबईपासूनच्या अंतराचा फरक वीस-पंचवीस किलोमीटरचाच. तरीही पहिले दोघे पहाटेची गाडी पकडून कामावर जातात आणि रात्री घरी जेवतात, तिसऱ्याला ते जमत नाही. जामसरच्या माणसाने आधी जव्हार गाठायचं, तिथून एसटीने विक्रमगड, मनोर करत पालघर, म्हणजे आणखी पंचाहत्तरेक किलोमीटर घाटवळणाचा रस्ता, आणि मग विरारची गाडी. एका बाजूलाच चारेक तास सहज जातात. मजूर नाका भरतो सकाळी सात-आठच्या सुमाराला, आणि नऊनंतर नाक्यावर उरलेल्याला त्या दिवशी काम मिळण्याची आशा फारशी नसते. विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल 1867 ची. विजेची गाडी विरारपर्यंत 1936 मध्ये आली, डहाणूपर्यंतची उपनगरी सेवा 16 एप्रिल 2013ला सुरू झाली. या प्रत्येक टप्प्यावर किनारपट्टीतल्या आणखी काही गावांतल्या माणसांना ‘अप-डाउन’ करून घरीच राहणं शक्य झालं. पठारावर त्यातला एकही टप्पा आला नाही. जो संध्याकाळी परतू शकत नाही त्याला कामाच्या ठिकाणी राहावंच लागतं. जव्हार-मोखाड्यात याला ‘जगायला जाणं’ म्हणतात.

हे जाणं इमारतींच्या बाजारपेठेने सुरू केलेलं नाही. त्याआधी गवत होतं. मुंबईच्या तबेल्यांना आणि घोडागाड्यांना लागणारं गवत ठाणे जिल्ह्याच्या माळांवर कापलं जाई, त्याच्या दाबलेल्या गाठी रेल्वेने शहरात जात, आणि पावसाळ्यानंतर ते कापायला वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं लागत. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली 1945 मध्ये उभा राहिलेला वारल्यांचा लढा वेठबिगारीविरुद्ध होता, तसाच गवत कापणीच्या दरासाठीही होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही त्यातली मागणी होती. गाठ रेल्वेपर्यंत पोहोचत होती, माणसाने मात्र माळावरच खोपी घालून राहायचं, हा घाट तेव्हापासूनचा. गवतामागून मिठागरं आली, खाडीतली रेती आली, भिवंडी-वाडा-वसई पट्ट्यातल्या वीटभट्ट्या आल्या आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांनंतर नालासोपारा-विरारच्या इमारती. काम बदललं, पण ऋतूचा क्रम तोच राहिला. भात-नागली निघाली की जायचं, शिमग्याला शक्य तर गावी यायचं, पेरणीच्या आत परतायचं.

आता गावाहून निघालेलं कुटुंब शहरात कुठे राहतं, हे पाहू. भट्टीवर गेलं तर भट्टीच्या कडेला. इमारतीच्या कामावर गेलं तर अर्धवट बांधकामात किंवा त्याच्या कुंपणाशी. नाक्यावर गेलं तर नाक्याच्या आसपास, पुलाखाली, स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाल टाकून. बाहेरून पाहणाऱ्याला हे फक्त हाल वाटतात. पण त्यात रोजच्या प्रवासाचा खर्च शून्य आहे, वेळ शून्य आहे, नाक्यावर पहाटे आधी उभं राहता येतं आणि लहान मूल बरोबर ठेवून नवरा-बायको दोघं कामाला जाऊ शकतात. भट्टीवर तर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. माती कालवणं, साचा मारणं, थप्पी रचणं हे सगळं कुटुंब मिळून करतं आणि काम पहाटेच्या अंधारातच सुरू होतं. घर आणि काम यांत एक किलोमीटरचं अंतरही तिथे उत्पन्नातून वजा होतं. गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्याला यात नवल वाटू नये. लालबाग-परळच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळी दाराशी उभा राहायचा, कायम माणूस गैरहजर असेल तर त्याला आत घेतलं जायचं. जो जवळ राहतो तो वेळेवर दिसतो, कामगार भरती करणाऱ्या जॉबरच्या ओळखीत राहतो. म्हणून कोकणातून आलेल्या माणसाने डोंबिवलीची मोकळी हवा सोडून दहा बाय दहाच्या खोलीत, गावच्या मंडळींच्या दाटीत राहणं पत्करलं. त्याला कुणी अडाणी म्हटलं नाही, आणि म्हणू नये. जामसरच्या मजुराची पालातली वस्ती त्याच हिशेबातून आली आहे, एवढंच की त्याला ती खोलीसुद्धा मिळाली नाही.

ती का मिळाली नाही, असा प्रश्न इथे रास्तपणे येतो. कोकणी माणसाने खोली घेतली, गावकीचे गाळे उभे केले, मग जव्हारचा माणूस नालासोपाऱ्याला भाड्याने का राहत नाही? काही कुटुंबं राहतातही. पण खोलीला अनामत लागते, अकरा महिन्यांचा करार लागतो, आणि यांचं शहरातलं वास्तव्य सहा-सात महिन्यांचं, तेही तुटक. रत्नागिरीचा कामगार वर्षभर गिरणीत असायचा, त्याची शेती घरचे पाहायचे. इथे शेतीसाठी सगळेच परततात, कारण त्या शेतीतलं धान्य हीच पावसाळ्यातली शिदोरी असते. वर्षभराचं भाडं भरून अर्धं वर्ष खोली बंद ठेवणं या उत्पन्नात बसत नाही. शिवाय भट्टीमालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल आधीच डोक्यावर असते. ती घेतली त्याच क्षणी पुढच्या हंगामात कुठे राहायचं हेही ठरून गेलेलं असतं. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 चा असला तरी अशा उचलीतून माणूस बांधला जातो, हे वसईतून 1982 मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेच्या कामातून वारंवार समोर आलं. वस्ती निवडण्याचं स्वातंत्र्य उचल देणाराच काढून घेतो, असं मला यातून म्हणावंसं वाटतं. प्रवासाचा हिशेब ज्याने करायचा, त्याच्या हातात तो राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रस्ते सुधारले, बस आहेत, मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, जव्हारला स्वतःचं आगार आहे, डहाणूपर्यंत लोकल येते. मग परिस्थिती आपोआप बदलेल, असं का म्हणू नये? अर्ध्या तिकिटाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. सणाला घरी जाता येणं, आजाऱ्याला गावी पोहोचवता येणं हे त्यामुळे सोपं झालं. पण तिकीट स्वस्त झालं तरी चार तासांचे दोन तास होत नाहीत, आणि नाक्याची वेळ बसच्या वेळेसाठी थांबत नाही. खरी अडचण अशी, की सोयी वाढल्या त्या रुळांच्या कडेलाच वाढतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014ला झाला. मुख्यालय जव्हारला असावं ही मागणी जुनी होती, ते गेलं रेल्वे असलेल्या पालघरला. निर्णयाला प्रशासकीय कारणं होती हे मान्य आहे. तरीही दाखल्यासाठी, मोठ्या इस्पितळासाठी, कचेरीच्या कामासाठी पठारावरच्या माणसाला खाली उतरणं भाग पडतं. ज्या मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जातं, त्याच तालुक्यातल्या माणसाला मुंबईच्या कडेला पोहोचायला अर्धा दिवस लागतो. पाण्यासाठी लागलेला पैसा आणि निर्धार माणसांच्या वाहतुकीसाठी लागलेला नाही, हे कटू असलं तरी नमूद करायला हवं.

उलट, काम घराजवळ मिळालं तर माणूस राहतो, याचा विचार आपल्याच राज्याने केलेला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला. देशाचा कायदा 2005 मध्ये झाला तेव्हा त्यात गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम देण्याची आणि त्यापलीकडे द्यावं लागलं तर दहा टक्के जादा मजुरी देण्याची तरतूद आली. कामावर जाण्यायेण्याचे श्रम मजुरीत मोजले पाहिजेत, हे तत्त्व मजुराच्या बाबतीत मान्य होणं ही मोठी गोष्ट होती. 1992 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका देशाच्या नजरेत आला, त्यानंतर या कामांचं मोल तरी कळायला हवं होतं. पण कामं उशिरा निघतात, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडते. घरात आज धान्य नाही त्या कुटुंबाला महिन्याने मिळणारी मजुरी जवळची असूनही लांब पडते, आणि भट्टीवरचा मालक रोख हातात ठेवतो. म्हणून आदिवासी हमीच्या कामावर टिकत नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. ते अंतर आणि वेळ दोन्ही मोजतात.

कायद्यांत आणखी एक चीर आहे. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला मजुराचा प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता द्यायला लावला, पण राज्याची सीमा ओलांडली तरच. जामसरहून वसईला जाणारा मजूर तर जिल्हासुद्धा ओलांडत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने कामाच्या जागी किंवा तिच्या जवळ मोफत तात्पुरतं घर देणं मालकावर बंधनकारक केलं, तेही नाक्यावर रोज वेगळा मालक गाठणाऱ्याच्या उपयोगी पडलं नाही. जिथे शाळेने जागा बदलली तिथे मात्र फरक दिसला. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर चालवलेल्या भोंगा शाळा मुलांना गावात थांबवण्याचा आग्रह न धरता मुलं होती तिथे गेल्या. निवाऱ्याबाबतही तसंच करता येईल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांप्रमाणे शहरात दर लाख लोकवस्तीमागे किमान शंभर बेघरांसाठी निवारा हवा आणि तो कामाच्या ठिकाणांच्या शक्य तितका जवळ हवा. वसई-विरारची लोकसंख्या 2011 मध्येच बारा लाखांवर होती, म्हणजे निदान बाराशे माणसांची सोय व्हायला हवी. हे निवारे शहराच्या टोकाला, स्वस्त जमिनीवर बांधले तर ते रिकामे राहतील आणि दोष पुन्हा मजुराला दिला जाईल. ते नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर हवेत, कुटुंबाला एकत्र राहता येईल असे हवेत, आणि दिवाळी ते मे अशा हंगामाच्या भाड्यावर मिळायला हवेत.