अठ्ठ्याहत्तरचा सूर

बाबांनी १९७४ साली रसेल स्ट्रीटवरच्या एका लिलावातून गॅरार्ड ३०१ हे रेकॉर्ड वाजवण्याचं यंत्र आणलं. मिरजेहून नोकरीसाठी कोलकात्याला आलेल्या माणसानं पहिला बोनस असा उडवावा, हे आईला अजून पटलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात मी त्यावर अब्दुल करीम खाँची आजोबांच्या वेळची तबकडी लावली. ऐंशीला टेकलेले बाबा एवढंच म्हणाले, ‘‘खाँसाहेब उतरलेत.’’

सूर खरंच उतरला होता. वेग सहा टक्क्यांनी घटला की काळी एकचा गायक पांढरी एकला येतो. चांदणी बाजारातला मेकॅनिक म्हणाला, ‘‘नवीन घ्या, दीदी.’’

नवीन घेणं सोपं होतं. ३०१ इंग्लंडमधल्या स्विंडनचं, १९५४चं. त्यात मोटर एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीला आतल्या कडेनं ढकलतं. रबर कडक झालं की घसरतं. जपानच्या मात्सुशितानं १९७०मध्ये थाळी थेट मोटरवरच बसवली आणि रबराची कटकट संपवली. १९७२च्या टेक्निक्स एसएल-१२००नं हीच रीत लोकप्रिय केली. पण त्या यंत्रावर वेग दोनच होते : ३३⅓ आणि ४५. मला परवडणाऱ्या नव्या यंत्रांवरही तेवढेच.

आमच्या घरातल्या निम्म्या तबकड्या ७८च्या आहेत. गौहरजाननं १९०२ साली याच शहरात गाऊन ठेवलं. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. १९०८पासून त्या सियालदहला छापल्या जाऊ लागल्या. १९४८मध्ये अमेरिकेत लाँगप्ले आली, तरी आपल्याकडे ७८ मागे हटली नाही. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर निघाली. तिची खाचही रुंद, त्यामुळे सुई जाड लागते. म्हणजे यंत्र बदललं असतं, तर अर्धं कपाट मुकं झालं असतं.

मी रबरी चाक नवं बसवलं, बेअरिंगमधलं वंगण बदललं, ७८साठी वेगळी सुई घेतली. मग वेग तपासायची रेघांची चकती थाळीवर ठेवली. पन्नास सायकलच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर चकतीवरच्या ७७ रेघा स्थिर दिसतात. एलईडीखाली काही दिसेना, म्हणून माळ्यावरून जुना पिवळा बल्ब काढला. रेघा थांबल्या. हिशेब मांडला तर वेग आला ७७.९२. नेमका ७८ नव्हेच.

बाबांना तरीही पटेना. त्यांनी वेगाचं बटण किंचित फिरवलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. रेघा हळूहळू पुढे सरकू लागल्या.

जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत, तेव्हा बाबा बरोबर असू शकतील. पण खाँसाहेब १९३७मध्ये गेले, बाबांच्या जन्माआधीच. बाबांच्या कानात आहे तो आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनचा सूर. त्याची स्प्रिंग किती ताणलेली असे, कोण सांगणार? अनुवाद करताना मूळ संहितेच्या दोन आवृत्त्या समोर आल्या की मी नेहमी जुनी निवडते. इथे सर्वांत जुनी आवृत्ती बाबांच्या कानात होती. बटणापाशी मी पेन्सिलीनं बारीक खूण केली आणि दिवा मालवला.